पारख, मीठ आणि शिक्का : कोल्हापूरच्या बाजारातील टिकवलेल्या मासळी-मांसाचा इतिहास

कोल्हापूर शहर समुद्रापासून रस्त्याने सव्वाशे-दीडशे किलोमीटर दूर आहे आणि मध्ये सह्याद्रीची उभी भिंत आहे. त्यामुळे बर्फ आणि मोटार यांचा जमाना येण्यापूर्वी या शहराला समुद्राची ताजी मासळी मिळणे जवळजवळ अशक्य होते. पंचगंगा, भोगावती, वारणा या नद्यांतले मासे ताजे मिळत आणि सकाळी कापलेले मटण दुपारी चुलीवर चढे. समुद्राचा मासा मात्र सुकून किंवा खारवूनच घाट चढत असे. आज शहरातल्या मोठ्या दुकानांच्या फळीवर ट्यूनाचा डबा दिसतो, आणि तो घ्यावा की नाही, घ्यायचा तर कोणता, हा प्रश्न नव्या काळाचा वाटतो. वस्तुतः दूरवरून आलेले, दुसऱ्याच्या हातांनी टिकवलेले प्राणिज अन्न विश्वासाने घरात कसे घ्यायचे, हा प्रश्न या शहराला जुना आहे आणि त्याचे उत्तर कोल्हापूरच्या बाजाराने अनेक पिढ्या आपल्या पद्धतीने दिलेले आहे. ते उत्तर डोळा, नाक आणि बोटे यांच्यावर उभे होते. डब्याने या तिन्ही साधनांवर पत्र्याचे झाकण बसवले आणि पारख करण्याचे काम गिऱ्हाइकाकडून कारखान्याकडे, सरकारी शिक्क्याकडे व छापील अक्षरांकडे गेले.

कोकण आणि कोल्हापूर यांच्यातली देवघेव फार जुनी आहे. खारेपाटण येथे सापडलेला दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इ. स. १००८चा असून, परदेशांतून येणाऱ्या गलबतांवर सोन्याच्या नाण्यांत आकारायच्या कराचा उल्लेख त्यात आहे. खाडीच्या तोंडाशी उतरलेला माल पुढे घाट चढून देशावर जात असल्याशिवाय असल्या बंदराला एवढे महत्त्व येत नाही. पुढच्या काळात राजापूर हे त्या व्यापाराचे मोठे ठिकाण झाले. राजापुराहून अणुस्कुरा घाटाने मलकापूर, रत्नागिरीहून आंबा घाटाने मलकापूर-पन्हाळा, खारेपाटणच्या बाजूने करूळ आणि भुईबावडा घाटांनी गगनबावडा, देवगड-कणकवलीकडून फोंडा घाटाने राधानगरी आणि वेंगुर्ले-सावंतवाडीकडून आंबोलीने आजरा, अशा वाटांनी बैलांचे तांडे चढत-उतरत. खालून मीठ, नारळ, सुपारी, आमसुले आणि सुकी मासळी वर येई; वरून गूळ, मिरची, तंबाखू आणि धान्य खाली जाई. ज्या मिरचीने कोल्हापूरच्या रश्शाला रंग दिला तीच मिरची कोकणच्या कालवणातही पडत होती, हे या वाटांचे महत्त्व सांगायला पुरेसे आहे.

या व्यापाराला ऋतूची घट्ट चौकट होती. मृगाचा पाऊस लागला की समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत मासेमारी थांबते. गगनबावड्यासारख्या तुफान पावसाच्या भागातून जाणारे घाटही त्याच काळात बैलांना अवघड होत. म्हणून पावसाळ्यापूर्वीची साठवण, जिला कोकणात आगोट आणि एकूणच मराठीत बेगमी म्हणतात, ती चैत्र-वैशाखात पुरी करावी लागे. तिखट, डाळी, पापड, सांडगे यांच्याबरोबरच सुकट-बोंबिलाची बेगमी होई आणि आषाढात भाजी महागली की ती तव्यावर येई. कोल्हापूरकडच्या शेतकरी घरात भाकरीबरोबर भाजलेली सुकट किंवा बोंबिलाची चटणी हे गरिबाचे आणि श्रीमंताचे, दोघांचेही जेवण राहिले आहे. मटणाच्या कीर्तीमुळे या साध्या पदार्थाकडे कोल्हापूरच्या अन्नावर लिहिणाऱ्यांचे दुर्लक्ष झाले, आणि ते योग्य नव्हते.

सुकी मासळी हा एकच जिन्नस नव्हे. जवळा म्हणजे अगदी बारीक कोलंबीसदृश जीव. तो वाळला की त्याला सर्वसाधारणपणे सुकट म्हणतात. सोडे म्हणजे सोललेली, वाळवलेली कोलंबी. ही महागाची वस्तू. बोंबील हा पाणीदार मऊ मासा, तो उत्तर कोकणात बांबूंच्या वलांड्यांवर, म्हणजे उंच आडव्या मांडण्यांवर, जोडीजोडीने जबडे अडकवून उन्हा-वाऱ्यात टांगला जातो आणि बहुधा मिठावाचून वाळतो. वाकटी हा लांब फितीसारखा मासा. बांगडा मात्र तेलकट असल्यामुळे नुसत्या उन्हात वाळवता येत नाही. चरबी हवेला लागून खवट होते, म्हणून त्याचे पोट साफ करून, मीठ भरून, थरांवर थर रचून तो खारवावा लागतो. रत्नागिरीकडचे खारवी आणि दालदी, दक्षिणेकडचे गाबीत, उत्तरेकडचे कोळी या समाजांतल्या स्त्रियांच्या हातांनी हे काम होत आले आहे. मासे धरणाऱ्या पुरुषांची नावे व्यापाराच्या इतिहासात अधूनमधून सापडतात. टिकवणाऱ्या बायकांचे कसब मात्र नोंदीत आलेले नाही, जरी मालाचा दर्जा त्यांच्याच हातावर ठरत होता.

या मालाची पारख करण्याचे नियम लिहिलेले नसले तरी पक्के होते. बोंबील वाकवला तर तो मोडला पाहिजे. लवून परत सरळ होणारा बोंबील अर्धवट वाळलेला असतो आणि दमट हवेत त्याला बुरशी येते. त्याचा रंग फिकट गवती असावा. गडद पिवळा झालेला माल जुना समजावा. हलवल्यावर बारीक भुकटी गळत असेल तर आत किडा लागलेला आहे, कारण सुक्या मासळीवर वाढणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या मांस पोखरून ती भुकटी मागे टाकतात. सुकट मूठभर घेऊन तळहातावर चोळली की वाळू कळते. वाळूवर वाळवलेल्या सुकटीत ती राहतेच, आणि वजनाने विकताना ती विकणाऱ्याच्या फायद्याची असते. खाऱ्या बांगड्याचे पोट फुटलेले नसावे, मांस काट्याला धरून असावे, त्यावर तांबूस चिकट थर नसावा. हा तांबूस थर मिठातच जगणाऱ्या जिवाणूंचा असतो. म्हणजे जे मीठ बहुतेक जंतूंना मारते तेच काहींचे घर असते, हे रसायनशाळेने सांगण्याआधी बाजाराला रंगावरून ठाऊक होते. शेवटी गिऱ्हाईक बांगडा उचलून झटकत असे, कारण अंगावर थापलेले जास्तीचे मीठ माशाच्या भावाने विकत घ्यायचे नसते. डब्यावर आज छापतात ते “निथळलेले वजन”, म्हणजे तेल किंवा पाणी काढून टाकल्यावर उरणारे माशाचे वजन, याच झटकण्याचे छापील रूप आहे.

मिठाची गोष्ट इथे थोडी विस्ताराने पाहिली पाहिजे, कारण खारवलेल्या मासळीचा दर्जा एकोणिसाव्या शतकात मिठावरील करामुळेच घसरला. ब्रिटिश सरकारने मिठाचे उत्पादन आणि विक्री आपल्या ताब्यात घेतली आणि १८८२ पासून मणाला २ रुपये, तर १८८८ पासून अडीच रुपये असा कर लावला; तो १९०७ मध्ये १ रुपयापर्यंत उतरला आणि १९२३ मध्ये पुन्हा अडीच रुपयांवर गेला. मीठ महाग झाले की खारवणारा हात आखडता घेतो किंवा खाजणातली खारी माती वापरतो, आणि दोन्ही प्रकारे मासा आतून कुजतो. भारतातल्या मत्स्यव्यवसायाची पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस डे या शल्यवैद्याने १८७३ च्या आपल्या अहवालात महागड्या मिठाच्या अडचणीकडे या दरांच्याही आधी लक्ष वेधले होते. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मासे खारवण्याची सरकारी आवारे उघडली गेली, जिथे करमुक्त किंवा सवलतीच्या दराचे मीठ देऊन, देखरेखीखाली, मासे खारवून घेतले जात. मासळीच्या दर्जावर सरकारी नजर बसण्याची ही या किनाऱ्यावरची पहिली मोठी वेळ; मात्र नजर मासळीपेक्षा मिठावर अधिक होती, कारण सवलतीचे मीठ चोरून बाजारात जाऊ नये ही सरकारची खरी काळजी होती. १९३० च्या मे महिन्यात वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, त्याचा विचार करताना स्वातंत्र्याच्या प्रतीकाबरोबरच कोकणच्या खाऱ्या बांगड्याचाही विचार व्हायला हवा.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्याच्या रेल्वेजाळ्याला जोडले गेले. घाटांवरचा भार त्यामुळे संपला नाही, पण दूरचा माल आणण्याची नवी सोय झाली. त्याच सुमारास पत्र्याचा डबा कोल्हापूरच्या घरात शिरला, पण त्यात मासा नव्हता. परदेशातून येणारे घासलेट, म्हणजे रॉकेल, ४ गॅलनच्या चौकोनी डब्यांतून विकले जाई आणि रिकामा डबा धुऊन, उन्हात तापवून, झाकण बसवून घरोघर धान्य, पीठ आणि सुकी मासळीही साठवायला वापरला जाई. मराठीत “डबा” म्हटल्यावर उघडता-मिटता येणारे भांडे डोळ्यांपुढे येते. कायमचा झाळलेला, एकदाच फोडायचा डबा ही कल्पना या भाषेच्या स्वयंपाकघराला उशिरा भेटली.

मांसाची कथा मासळीहून वेगळी आहे. कोल्हापूरचा मटणाचा आग्रह ताजेपणाचा आहे. बोकड आहे की शेळी, वय किती, चरबीचा रंग पांढरा की पिवळा, हे दुकानात टांगलेल्या मांसावरून पाहून घ्यायचे आणि त्याच दिवशी ते संपवायचे. तांबडा आणि पांढरा रस्सा हे दोन्ही पदार्थ ताज्या हाडांचा अर्क मागतात. मटण हा येथे सार्वजनिक विषय आहे. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून नागरिक आणि विक्रेते आमनेसामने आले, विक्री बंद राहिली आणि दराबरोबर दर्जाचीही जाहीर चर्चा झाली. अशा शहराला मांस टिकवण्याची गरज वाटली नाही, असे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. ज्यांना ताजे मांस विकत घेण्याची ऐपत होती त्यांना ती वाटली नाही.

महाराष्ट्राच्या अनेक भागांत मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर वाळवून ठेवण्याची रीत होती. अशा पट्ट्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलित समाजाच्या या अन्नाची सविस्तर नोंद केली, तोपर्यंत मराठी पाकशास्त्रात त्याला जागाच नव्हती. महारकी वतनाच्या व्यवस्थेत गावातले मेलेले जनावर ओढून नेणे हे अस्पृश्य मानलेल्या माणसांचे सक्तीचे काम होते आणि त्याचे मांस हा त्या कामाचा “हक्क” मानला जाई. एका जनावराचे मांस एका दिवसात संपत नाही, म्हणून ते वाळवावे लागे. येथे माणसाला काय घ्यावे याची निवडच नव्हती, आणि निवड नसलेल्या माणसाला दर्जाची भाषा बोलण्याचीही मुभा नसते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली. २१ व २२ मार्च १९२० रोजी याच संस्थानातल्या माणगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली आणि महाराज तिला उपस्थित राहिले. आणि १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. टिकवलेल्या मांसाच्या इतिहासात हे आवाहन पोषणाच्या कोणत्याही शिफारशीपेक्षा मोठे आहे, कारण “हे आम्ही खाणार नाही” असे म्हणण्याचा अधिकार हीच अन्न निवडण्याची पहिली पायरी असते.

झाळलेल्या डब्याचा उगम युद्धात झाला. फ्रान्समधल्या निकोला अपेर या हलवायाने काचेच्या बरण्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, बरण्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत बसवली आणि १८१० मध्ये तिचे पुस्तक प्रसिद्ध करून सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस घेतले. त्याच वर्षी पीटर ड्युरंड याने इंग्लंडमध्ये कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले आणि १८१३ च्या सुमारास लंडनजवळच्या कारखान्यातून मांसाचे डबे ब्रिटिश आरमाराला जाऊ लागले. अन्न का टिकते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. जंतूंचा सिद्धांत पाश्चरने मांडायला आणखी अर्धे शतक लागले. अज्ञानाची किंमत १८५२ मध्ये दिसली, जेव्हा आरमाराच्या गोदामात स्टीफन गोल्डनर या ठेकेदाराचे मांसाचे डबे उघडले गेले आणि त्यांतले बहुतेक कुजलेले निघाले. मोठे डबे मधोमध पुरेसे तापत नसत आणि बाहेरून पाहून ते कळण्याचा मार्ग नव्हता. डबा बंद करण्यासाठी वापरलेल्या डाकात शिसे असे आणि तेही अन्नात उतरे. विसाव्या शतकाच्या आरंभी पत्र्याच्या कडा एकमेकींत दुमडून डाकाशिवाय बंद करण्याचा दुहेरी जोड प्रचारात आला, तेव्हा ही एक भीती कमी झाली.

कोल्हापूरच्या माणसाची मांसाच्या डब्याशी पहिली गाठ बहुधा सैन्यात पडली असावी. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी या भागांतून मराठा पलटणींत मोठी भरती होत आली. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी हे गाव तर त्याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायाच्या रोजच्या शिध्यात खारवलेल्या गोमांसाचा डबा असे. हिंदी शिपायांसाठी मात्र जिवंत मेंढ्या-बकऱ्या पुरवून त्या त्यांच्याच माणसांकडून, त्यांच्या रीतीने कापण्याची व्यवस्था ठेवावी लागे. यामागे धर्माची बंधने होती हे उघड आहे. पण त्याखाली पारखीचाही प्रश्न होता, कारण डबा आतले मांस कोणत्या प्राण्याचे हे लपवतो आणि ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. १८५७ च्या काडतुसांनंतर असा विश्वास मागणे सरकारला सोपे नव्हते. मेसोपोटेमियातल्या कुत अल अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत वेढ्यात अडकलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी, भारतातून धर्मगुरूंची अनुमती कळवली गेल्यानंतरही, कित्येक आठवडे ते मांस नाकारले आणि उपासमार सोसली. अन्नाविषयीच्या खात्रीचे वजन भुकेपेक्षा जास्त भरू शकते, याचा एवढा कठोर दाखला दुसरा सापडत नाही. स्वातंत्र्यानंतर म्हैसूर येथे १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि १९६१ मध्ये संरक्षण दलांची अन्न संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि भारतीय सैनिकासाठी भारतीय चवीचे टिकाऊ अन्न तयार करण्याचे काम देशातच होऊ लागले.

घरगुती कोल्हापुरात कारखान्यातला बंद डबा रुजला तो हापूसच्या रसाच्या रूपाने. कोकणात आमरसाचे डबे भरण्याचा धंदा वाढला आणि लग्नकार्यात, आंब्याचा मोसम नसताना, तो डबा फोडला जाऊ लागला. यामुळे एक गैरसमजही रुजला, की जसा रस टिकतो तसे मटणही टिकेल. शास्त्र येथे वेगळे आहे. आंबट पदार्थात, म्हणजे ज्याचा सामू (pH) ४.६ पेक्षा खाली आहे अशा पदार्थात, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू रुजत नाहीत आणि उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. मांस आणि मासे आंबट नसतात, तेथे हे बीजाणू हवाबंद अंधारात वाढून मज्जातंतू बधिर करणारे विष तयार करतात. बेल्जियममध्ये १८९५ साली खारवलेल्या डुकराच्या मांसामुळे विषबाधा झाली, तेव्हा एमिल फान एरमेंगेम या शास्त्रज्ञाने हा जिवाणू शोधून काढला. म्हणून मासे-मांसाचा डबा वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो; त्या यंत्राला रिटॉर्ट म्हणतात. घरच्या चुलीवर बरणीत भरलेले मटण वर्षभर ठेवण्याचा प्रयत्न यामुळेच कोणी करू नये. मटणाचे लोणचे आंबट रस, मीठ आणि तेल यांच्या आधारावर टिकते, आणि तेही थंड जागी, थोड्या दिवसांसाठी.

मासे डब्यात भरण्याचा भारतातला पहिला गंभीर सरकारी प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात, कालिकतजवळच्या चालियम येथे सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या पुढाकाराने झाला. तो तारळीचा, म्हणजे सार्डिनचा होता. ट्यूनाच्या डब्याचा जन्म कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रो बंदरात १९०३ मध्ये झाला, जेव्हा सार्डिन मिळेनाशी झाल्यामुळे एका कारखानदाराने अल्बाकोर जातीचा मासा वाफवून पाहिला आणि त्याचे मांस पांढरे, कोंबडीसारखे निघाले. मासा न खाणाऱ्यांना तो मासा वाटला नाही, यात त्याच्या यशाचे रहस्य आहे. मराठी किनाऱ्यावर ट्यूनाला कुपा किंवा गेदर म्हणतात आणि लाल, रक्ताळ मांसामुळे सुरमई-पापलेटच्या तुलनेत त्याला कमी मान मिळत आला आहे. भारतात ट्यूनाची खरी परंपरा लक्षद्वीपची. मिनिकॉय बेटावर ट्यूना उकडून, धुरावर धरून, वाळवून लाकडासारखा कडक केला जातो, त्याला मासमीन म्हणतात, आणि त्याच बेटावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस ट्यूना डब्यात भरण्याचा कारखाना निघाला.

ट्यूनाचा डबा निवडताना जुन्या पारखीचे बरेच नियम नव्या भाषेत लागू पडतात. डब्यावर माशाची जात लिहिलेली असावी. नुसते “ट्यूना” लिहिलेल्या डब्यापेक्षा “स्किपजॅक” किंवा “यलोफिन” लिहिलेला अधिक भरवशाचा. लहान, कमी आयुष्याच्या स्किपजॅकमध्ये पारा कमी साठतो, मोठ्या जातींत जास्त, म्हणून गर्भवती स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी पहिला बरा. “सॉलिड” म्हणजे सलग तुकडा, “चंक” म्हणजे लहान तुकडे, “फ्लेक” म्हणजे भुगा. भुगा वाईट नसतो, पण सलग तुकड्याच्या भावाने तो घेऊ नये. तेलातला मासा मऊ लागतो, मात्र माशाची काही चरबी त्या तेलात उतरते आणि तेल ओतून दिले की जाते. पाण्यातल्या माशात ती अधिक टिकते. निव्वळ वजन आणि निथळलेले वजन यांत मोठा फरक असेल तर गिऱ्हाईक माशाच्या भावाने पाणी घेत आहे. डबा उघडल्यावर मांसात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे दिसली तर मासा डब्यात जाण्याआधीच नासू लागला होता असे समजावे. काचेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ते माशातल्या क्षारांचे स्फटिक असतात आणि गरम व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात विरघळतात, काच विरघळत नाही.

एक धोका मात्र कोणत्याही खुणेने दिसत नाही. ट्यूना आणि बांगडा ही एकाच कुळातली मासळी. पकडल्यावर ती लगेच थंड केली नाही तर तिच्या मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, ज्याने तोंड लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे असे त्रास होतात, आणि ते रिटॉर्टच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. जिभेला झिणझिण्या आल्या किंवा मिऱ्यासारखा तिखटपणा लागला तर घास टाकून द्यावा. खाऱ्या बांगड्यालाही हे लागू आहे. म्हणजे मासा होडीत कसा ठेवला गेला यावरच पुढचे सारे अवलंबून असते, मग तो मिठात जावो की डब्यात.

मांसाच्या डब्यासाठी आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. मांसाचे प्रमाण टक्क्यांत छापलेले असावे, कारण “लंचन मीट” म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यात पिठी आणि पाणी बरेच असू शकते. गुलाबी रंग ताजेपणाचा नसून नायट्राइट या क्षाराचा असतो. पूर्वी हेच काम सोरा करी, जो बंदुकीच्या दारूतही लागे. भारतात १९७३ च्या मांसान्न उत्पादन आदेशाने मांसाच्या कारखान्यांना परवाना सक्तीचा झाला आणि २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने जुने आदेश एका छत्राखाली आले; आता डब्यावर १४ अंकी परवाना क्रमांक आणि मांसाहाराची तपकिरी खूण असते, जी पूर्वी ठिपक्याची होती आणि आता त्रिकोणाची आहे. फुगलेला, जोडाजवळ चेपलेला, गंजून पाझरणारा किंवा उघडताना उसळणारा डबा चाखूनही पाहू नये. उघडलेल्या डब्यातले उरलेले मांस दुसऱ्या भांड्यात काढून थंडीत ठेवावे.

शिक्का आणि पारख यांची समोरासमोर गाठ १९९७ च्या सुमारास बोंबिलाच्या बाबतीत पडली. युरोपीय आयोगाने मान्यताप्राप्त गोठवण किंवा डबाबंद कारखान्यातूनच भारतीय मासळी घेण्याचा नियम केला आणि वलांडीवर उघड्या हवेत वाळणाऱ्या बोंबिलाची आयात त्यामुळे बंद पडली, जरी त्याच्यामुळे आजार पसरल्याचा आरोप कोणी केला नव्हता. ब्रिटनमधल्या बोंबीलप्रेमींनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि पुढे तोडगा निघाला तो असा, की बोंबील पूर्वीसारखाच उन्हा-वाऱ्यात वाळवावा, फक्त त्याचे पाकीट मान्यताप्राप्त ठिकाणी भरावे. कोल्हापूरच्या बाजारात तो अजून बहुतांशी सुटाच मिळतो, आणि गिऱ्हाईक तो आधी वाकवून पाहते.